अंथरूण ओले करणारे मूल



गेल्या महिन्यात एक पत्र आले. वहीच्या फाडलेल्या पानावर दोन्ही बाजूंनी लिहिलेले. खाली सही नाही, गावाचे नाव नाही, पाकिटावरचा शिक्काही पुसट. तेव्हा टपालाने उत्तर धाडायची सोय नाही. म्हणून या वेळचे सदर त्या माउलीसाठीच लिहिते आहे. पण अशी माउली एकटी नसते, हे माझ्या दवाखान्याच्या अनुभवावरून सांगते.

तिचा मुलगा दहा वर्षांचा. पाचवीत आहे, अभ्यासात चांगला आहे. जूनपासून त्याला वसतिगृहाच्या शाळेत घालायचे ठरले आहे. पण मुलगा रोज रात्री अंथरूण ओले करतो. तिळगूळ झाला, ओवा झाला, अंगारा झाला, दृष्ट काढून झाली. शेजारच्या एका म्हातारीने पोटावर डाग द्यायला सांगितले, तेवढे मात्र आईने होऊ दिले नाही. वडील पहाटे धारा काढायला उठतात तेव्हा आधी मुलाची गोधडी चाचपतात, आणि ओली लागली की अंधारातच दोन ठेवून देतात. गेल्या आठवड्यात रात्री पोरगा अंथरुणात दिसेना. घर शोधले, ओसरी शोधली. शेवटी गोठ्यात वैरणीवर झोपलेला सापडला. तिथे ओले झाले तर कोणाला कळणार नाही, असे म्हणाला.

पत्राच्या अगदी शेवटी, कडेला जागा उरली होती तिथे बारीक अक्षरात एक ओळ आहे. "सासूबाई म्हणतात, याच्या बापाचंही बारा वर्षांपर्यंत असंच होतं. पण हे त्यांच्यापुढं बोलायची माझी छाती नाही."

ती ओळ वाचून मी पत्र खाली ठेवले आणि मला माझीच एक चूक आठवली. नवीन दवाखाना टाकला होता तेव्हाची गोष्ट. एक शेतकरी आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आला होता. तक्रार हीच. मी पोट तपासले, लघवी तपासायला दिली, तीत काही निघाले नाही. मग मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "हिला काही झालेले नाही. लाड कमी करा." बाप मान डोलावून गेला. मुलगी दारातून वळून माझ्याकडे बघत होती. त्या वाक्याचा घरी काय अर्थ झाला असेल, याचा विचार मी पुढे कित्येक वर्षे केला नाही.

तर प्रश्न असा, की हा लघवीच्या पिशवीचा रोग आहे की मनाचा? याचे उत्तर शोधता शोधता परदेशात एक नवीच वाट निघाली. तिकडच्या मोठ्या बाल रुग्णालयांत लहान मुलांच्या लघवीच्या विकारांचा सर्जन असतो, आणि कित्येक ठिकाणी त्याच्याच विभागात एक मानसशास्त्रज्ञही बसतो. वेड्यांचा डॉक्टर म्हणून नव्हे हो! सर्जन पिशवी बघतो, हा त्या पिशवीचा धनी असलेले मूल बघतो, आणि त्या मुलाचे घरही. असे लोक थोडे आहेत. म्हणून अमेरिकेतल्या अशा मानसशास्त्रज्ञांनी आपला एक गट बांधला आहे, आणि कोणत्या मुलाला कशाने गुण आला हे ते एकमेकांना कळवत असतात. आपल्या ऊसवाल्या शेतकऱ्याने दुसऱ्या तालुक्यातल्या ऊसवाल्याला विचारावे, तसेच.

ही वाट कशी निघाली ते सांगते, कारण ती कथा गमतीची आहे.

१९०४ साली फाउंडलर नावाच्या एका जर्मन भाषिक बालरोगतज्ज्ञाने रुग्णालयातल्या मुलांच्या गादीत विजेची एक युक्ती बसवली. गादी ओली झाली की घंटी वाजायची. हेतू साधा होता. परिचारिकेला कळावे आणि तिने लगेच कपडे बदलावेत. मुलांना बरे करणे त्याच्या डोक्यातही नव्हते. पण काही दिवसांनी दिसले की घंटीच्या गादीवर झोपणाऱ्या मुलांचे ओले करणे कमी होत चालले आहे. औषध नाही, मार नाही, आणि गुण!

त्याचे नीट शास्त्र केले ते अमेरिकेतल्या एका नवरा-बायकोने. होबार्ट मौरर आणि विली मे मौरर. दोघेही मानसशास्त्र शिकलेले. न्यू हेवन गावातल्या एका बालगृहात ते मुलांची देखभाल करत राहत होते, म्हणजे ओली अंथरुणे रोज त्यांच्याच डोळ्यांपुढे होती. त्यांनी कापडाच्या घड्यांमध्ये तांब्या-कथलाच्या मिश्रधातूच्या दोन जाळ्या घातल्या. कापड कोरडे तोवर दोन जाळ्यांचा संबंध नाही. थोडे ओले झाले की वीज वाहायची आणि घंटी वाजायची. मूल उठायचे, उरलेली लघवी बाहेर जाऊन करायचे. तीस मुलांवर त्यांनी हे केले आणि १९३८ साली छापून प्रसिद्ध केले. आज जगभर जे घंटीचे यंत्र वापरतात त्याचे मूळ हे.

घंटीने मूल कसे बरे होते? तुमच्या गोठ्यातच पाहा. चरवीचा आवाज झाला की गाय पान्हा सोडते. तिला कोणी समजावून सांगितलेले नसते. रोज चरवी वाजली, रोज धार निघाली, दोन्हींची गाठ तिच्या अंगात पडली. तशीच गाठ इथे पडते. पिशवी भरली, घंटी वाजली, जाग आली. असे पुष्कळ रात्री झाले म्हणजे पुढे घंटी वाजण्याआधीच पिशवी भरल्याची जाणीव होऊन जाग येते, किंवा झोपेतच पिशवी आवरून धरते. यात मुलाच्या हट्टीपणाचा, आळसाचा संबंध येतोच कुठे? झोपेत घडणाऱ्या गोष्टीचा गुन्हा कोणावर लावणार?

मग मुळात हे का होते, तेही ऐका. निरोगी माणसाच्या मेंदूतून रात्री एक रस जास्त सुटतो. तो मूत्रपिंडांना सांगतो, आता लघवी थोडी करा. म्हणून आपण सात तास झोपू शकतो. डेन्मार्कमधल्या ऑऱ्हूस शहराच्या डॉक्टरांनी १९८० नंतरच्या दशकात दाखवून दिले की अंथरूण ओले करणाऱ्या कित्येक मुलांत हा रस रात्री पुरेसा वाढत नाही. त्यांची लघवी रात्रीही दिवसासारखीच बनत राहते. काही मुलांची पिशवी थोड्या लघवीनेच आकसते. आणि बहुतेकांची झोप अशी, की भरल्या पिशवीचा निरोप मेंदूच्या दारावर थाप मारतो, पण दार उघडत नाही. हळूहळू शरीर पक्के होते आणि बहुतेकांचे हे आपोआप जाते. पाच वर्षांच्या शंभर मुलांत सुमारे पंधरा मुले अंथरूण ओले करतात. पुढे दरवर्षी त्यांतल्या साधारण सातांतल्या एकाचे सुटते. मोठेपणीही शंभरात एखाद्याचे राहते. मुलींपेक्षा मुलांत प्रमाण जास्त.

आणि हे रक्तातून येते. आईबाप दोघांनाही लहानपणी हा त्रास नसेल तर शंभरातल्या सुमारे पंधरा मुलांना होतो. एकाला असेल तर चाळीसहून अधिकांना, आणि दोघांना असेल तर शंभरातल्या पाऊणशे मुलांना. १९९५ साली डेन्मार्कमध्येच काही कुटुंबांत याची खूण गुणसूत्रांवर सापडली. म्हणजे पत्रातल्या बापाने पोराला जे दिले, त्याच्यासाठीच तो पोराला मारतो आहे.

माउलींनो, मनाचा भाग आहे, पण बहुतेक वेळा तो नंतर येतो. अंथरूण ओले झाल्यामुळे मूल खजील होते, पाहुण्यांकडे जात नाही, सहलीला जात नाही, गोठ्यात झोपते. मानसशास्त्रज्ञाचे पहिले काम ही लाज उतरवणे. एरवी घंटीचे यंत्र आणले तरी लाजलेले मूल ते दोन दिवसांत फेकून देते.

पण काही मुलांत गोष्ट उलटीही घडते, आणि ती धोक्याची असते. मन किंवा सवय आधी, पिशवीचा बिघाड नंतर. १९७३ साली सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या हिनमन नावाच्या सर्जनाने आपल्या सहकाऱ्यासह काही मुलांची हकिगत छापली. ही मुले दिवसाही कपडे ओले करत, त्यांना वरचेवर लघवीचा जंतुसंसर्ग होई. तपासणीत पिशवी जाड झालेली, मूत्रपिंडांवर दाब आलेला. जणू पाठीच्या कण्याच्या नसाच बिघडल्या आहेत. पण नसा तर ठणठणीत. वाटेत अडथळाही नाही. काहींवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या, त्यांनी भागले नव्हते. हिनमनला उमगले की ही मुले लघवी करतानाच खालचा स्नायू आवळून धरतात. आपण घागर ओतावी आणि तोंडावर हातही ठेवावा, तसे. त्यांतल्या कित्येकांच्या घरी करडा धाक होता, भांडणे होती. त्याने चाकू बाजूला ठेवला. सूचना देऊन, संमोहनाने, धीर देऊन मुलांना सैल सोडायला शिकवले, आणि कित्येकांत फरक पडला.

सर्जनाने आपल्या हत्यारापेक्षा शब्दावर भिस्त ठेवावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे हेही कळले की अशा प्रत्येक मुलाच्या मागे घरचा कलह नसतो. काहींत आनुवंशिक कारण निघते. तेव्हा अशा घरांवर सरसकट ठपका ठेवणेही चूकच.

१९७९ साली शिकागोच्या डॉक्टरांनी आणखी एक तऱ्हा काढली. स्नायू आवळलेला आहे की सैल, हे यंत्रावर मुलालाच दाखवायचे. आज ते खेळासारखे करतात. पडद्यावरचे चित्र मूल आपल्या स्नायूंनी हलवते आणि खेळता खेळता सैल सोडायला शिकते.

आपल्याकडे हे वाचताना मला शाळेतल्या मुली आठवतात. सकाळी घरून निघतात, शाळेत संडास असला तर दाराला कडी नसते, नाहीतर पाणी नसते. मग पोरी दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत लघवी दाबून धरतात. पिशवीला ओढून धरायची सवय लागते ती अशीच. संध्याकाळी घरी आल्यावर तहान भागेल एवढे पाणी, वर चहा, आणि रात्री अंथरूण ओले. मग आई म्हणते, पाणी कमी पी. अहो, पाणी कमी झालेलेच आहे, फक्त ते चुकीच्या वेळी प्यायले जाते! शाळा समितीत कोणी असाल तर हा कडीचा विषय पुढच्या सभेत काढा.

आता मानसशास्त्रज्ञ प्रत्यक्ष काय करतो, त्याचे एक उदाहरण देते. लघवी मूत्रपिंडाकडे उलटी जाते का, हे पाहण्यासाठी मुलाच्या लघवीच्या वाटेतून बारीक नळी घालतात, पिशवीत औषध भरतात आणि मूल लघवी करत असताना फोटो काढतात. तपासणी गरजेची, पण मुलाला ती भयंकर वाटते. अनोळखी माणसे, उघडे अंग, वर सगळ्यांच्या देखत लघवी कर म्हणतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मनाचे आणि लघवीचे तज्ज्ञ एकत्र आले आणि २००५ साली त्यांनी ४४ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलांनी ती तपासणी आधी एकदा रडून-ओरडून सोसलेली होती. निम्म्यांना आधी तासभर शिकवले, की डोळे मिटून आपल्या आवडत्या जागी मनाने कसे जायचे. घरी आईबापांसोबत सराव करायला लावला. तपासणीच्या वेळी ती मुले कमी घाबरली, काम करणाऱ्यांनाही सोपे गेले आणि वेळही कमी लागला. नळी तीच, टेबल तेच.

तुमच्या मुलाला कधी सुई, नळी, शस्त्रक्रिया करायची असेल तर एवढे लक्षात ठेवा. "काही करणार नाहीत हं" असे खोटे सांगून नेऊ नका. काय होणार, किती वेळ दुखणार, आई कुठे उभी राहणार, हे खरे सांगा. फसवलेले मूल पुढच्या वेळी दवाखान्याच्या पायरीवरूनच परत फिरते.

मनाचा विचार शस्त्रक्रियेच्या वेळेतही शिरला आहे. काही मुलग्यांचे लघवीचे छिद्र जन्मतः टोकाला नसून खालच्या बाजूला असते. सुमारे अडीचशे-तीनशे मुलग्यांत एकाला हे असते, म्हणजे फार विरळा नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने १९९६ मध्ये सांगितले की ही शस्त्रक्रिया सहा महिने ते एक वर्ष या वयात व्हावी हे उत्तम. एक कारण असे, की त्या वयातली भीती आणि दुखणे मुलाच्या आठवणीत राहत नाही. माझ्याकडे एकदा अकरा वर्षांचा मुलगा आणला. बांधावर इतर पोरे उभ्याने लघवी करत आणि हा बसून, म्हणून त्याला एक नाव पडले होते. ते नाव मी इथे लिहीत नाही. बाळाला न्हाऊ घालताना असे काही दिसले तर लपवू नका, आणि सर्जनाला दाखवण्याआधी पुढची कातडी कापू देऊ नका. दुरुस्तीला ती कातडी लागू शकते.

तसेच पाठीच्या कण्यात जन्मतः दोष असलेल्या मुलांचे. पूर्वी त्यांची लघवी साठून मूत्रपिंडे निकामी होत. १९७२ साली मिशिगन विद्यापीठाच्या लापिडीस या डॉक्टरांनी दाखवले की स्वच्छ धुतलेल्या हातांनी, दर काही तासांनी नळी घालून पिशवी रिकामी केली तर घरीही चालते, शस्त्रक्रियागृहाचा निर्जंतुकपणा लागत नाही. त्याने असंख्य मुलांची मूत्रपिंडे वाचली. पण नळी रोज चार-पाच वेळा घालायची कोणी? आधी आई घालते. मग मूल वाढते, त्याला आईची लाज वाटू लागते, पण आईचा हात सुटत नाही. आणि चौदा-पंधरा वर्षांचे झाले की "मला नको, मी इतरांसारखा आहे" म्हणून नळी गुपचूप चुकवते. इथे सर्जनाचा उपयोग नाही. नळी आईच्या हातून मुलाच्या हातात केव्हा आणि कशी द्यायची, शाळेत कुठल्या सरांना सांगायचे, कुठल्या मित्राला नाही, हे ठरवायला मनाचा जाणकार लागतो. आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी-शाळांतल्या मुलांची तपासणी होते आणि कण्याचा हा जन्मदोष त्यात धरलेला आहे. अशा मुलांसाठीच्या जिल्ह्याच्या केंद्रात मानसशास्त्रज्ञ असावा अशी योजना आहे. तो आहे का, हे विचारा. विचारणारे असले की जागा भरतात.

असो. पुन्हा पत्राकडे येते.

बाई, पहिल्याने मुलाला डॉक्टरांकडे न्या. लघवीची तपासणी साधी आणि स्वस्त असते. मात्र काही खुणा असतील तर उशीर करू नका. मूल आधी सहा महिने कोरडे राहून पुन्हा ओले करू लागले असेल, फार पाणी पीत असेल आणि वाळत चालले असेल, तर त्याच दिवशी साखर तपासा. लहान मुलांनाही मधुमेह होतो आणि तो जिवावर बेततो. लघवीची धार बारीक असेल, जोर करावा लागत असेल, मुलीचे कपडे दिवसरात्र थेंबथेंब ओले राहत असतील, लघवी करताना आग किंवा ताप असेल, चालीत किंवा पाठीवर काही वेगळे दिसत असेल, तर मोठ्या दवाखान्यात जा. पूर्वी कोरडे राहणारे मूल एकाएकी ओले करू लागले, घाबरू लागले, कोणा एका माणसाजवळ जायला नको म्हणू लागले, तर त्याला एकटे घेऊन बसा आणि शांतपणे ऐका. कोणी त्याच्याशी वाईट वागले असेल. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन आहे.

तुमच्या मुलाला यांतले काही दिसत नाही. मग दुसरी गोष्ट, त्याचे पोट रोज साफ होते का? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न! पण लघवीची पिशवी आणि मळाची जागा शेजारीशेजारी आहेत. कोठा तुंबला की पिशवी दबते. मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी १९८६ साली छापले की अंथरूण ओले करणाऱ्या कित्येक मुलांचे बद्धकोष्ठ बरे केल्यावर ओले करणेही थांबले. पालेभाजी, फळ, पुरेसे पाणी, आणि सकाळी घाई न करता बसायला दहा मिनिटे. तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टर औषध देतील.

पाणी तोडू नका. सकाळी आणि दुपारी भरपूर प्यायला लावा, दिवसा दोन-तीन तासांनी लघवीला जायची सवय लावा. संध्याकाळचा चहा बंद. जेवणानंतर घोटभर पाणी पुरे. झोपण्यापूर्वी लघवी. आणि रात्रीच्या वाटेचा विचार करा. घरातून संडासापर्यंत अंधार असेल, कुत्रे असेल, सापाची भीती असेल, तर जाग आलेले मूलही तसेच पडून राहते. दिवा ठेवा, नाहीतर खोलीतच झाकणाचा डबा ठेवा. गोधडीखाली मेणकापड घाला. खताच्या किंवा औषधाच्या रिकाम्या गोणीतला प्लास्टिकचा कागद मात्र मुलाच्या अंगाखाली कधीही घालू नका.

सकाळी ओले अंथरूण उचलायला त्याला सोबत घ्या, शिक्षा म्हणून नाही, रोजच्या कामासारखे. कोरड्या रात्रीसाठी बक्षीस लावू नका, कारण ती त्याच्या हातात नाही. वेळेवर पाणी प्यायला, झोपताना आठवणीने जाऊन आला, याचे कौतुक करा. ते त्याच्या हातात आहे.

एवढ्याने फरक नाही पडला तर घंटी. आता ती चड्डीला चिमट्याने लावायची लहानशी मिळते, ऑनलाइनही मागवता येते. पहिले काही आठवडे घंटीने सारे घर उठेल आणि मूल उठणार नाही. तुम्हीच त्याला उठवायचे, पुरते जागे करून न्यायचे. दोन-तीन महिने चिकाटी लागते. सलग चौदा रात्री कोरड्या गेल्या की बंद करायची. सुमारे दोन-तृतीयांश मुलांना गुण येतो. काहींचे पुन्हा सुरू होते, त्यांना पुन्हा लावावी. त्या रात्रीच्या रसासारखी एक गोळीही आहे. ती घेतात तोवर चांगले काम करते, लग्नाला किंवा सहलीला जायचे असेल तर उपयोगी पडते. पण ती डॉक्टरांनी दिली तरच, आणि ती घेतल्यावर रात्री पाणी अगदी थोडे. गोळी आणि वर तांब्याभर पाणी, हे धोक्याचे आहे. जुन्या काळापासून दिली जाणारी दुसरी एक मनाच्या आजाराची गोळी असते, ती घरात असेल तर कुलपात ठेवा. लहान मुलाने जास्त खाल्ली तर हृदय थांबू शकते.

आता तुमच्या मालकांचे. हे सदर त्यांच्या हाती पडेल असे करा. चहासोबत ठेवा, घडी उघडी राहू द्या. दादा, तुम्हाला दोनच गोष्टी सांगते. माराने पिशवी ऐकत नाही, ऐकत असती तर तुमची बाराव्या वर्षापर्यंत थांबली नसती. आणि पोराला एकदा धारेच्या वेळी गोठ्यात सोबत घेऊन बसा, आणि तुमचे लहानपण सांगा. तुम्हाला कोणी मारले होते का, तुम्ही कुठे लपायचा, कधी आपोआप थांबले. परदेशातला मानसशास्त्रज्ञ मुलाला हेच सांगायला धडपडतो, की तू एकटा नाहीस. तो हे पुस्तकातून सांगतो. तुम्ही स्वतःचे सांगू शकता.

वसतिगृहाचा प्रवेश रद्द करू नका. जूनला अजून चार महिने आहेत, घंटीला तेवढे पुरतात. तोवर थांबले नाही तरी मुलाला विचारून, त्याच्या संमतीनेच, गृहपालांना एकट्याने भेटा. दाराजवळची खालची खाट मागून घ्या. दोन जास्तीच्या चादरी, मेणकापड, एक विजेरी आणि ओले कपडे ठेवायला बंद तोंडाची पिशवी द्या. सकाळी सगळ्यांच्या आधी पंधरा मिनिटे न्हाणीघर मिळेल का, तेही विचारा. आणि पत्र लिहा. या वेळी पत्ता घाला, पाकीट मी एकटीच उघडते.